जेनिताची सीट

फोमच्या कारखान्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मग गादी स्वस्तात मिळेल का हो?" दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. संपादकांनी "तुमच्या कामावर लिहा" म्हणून फोन केला तेव्हा मी आधी त्यांनाच विचारलं, गादी हवी आहे का. नको म्हणाले. म्हटलं, हा माणूस सरळ दिसतोय, लिहू या.

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा छोटासा कारखाना. शेठ किरीटभाई गुजराती, कामगार उत्तरेकडचे, ऑफिसात आम्ही दोन-चार मराठी. दिवसभर बोलून बोलून माझ्या भाषेची भेळ व्हायची. घरी आल्यावर यजमानांना "चाय लो" म्हणायचे आणि ते बिचारे घ्यायचेही. माझं काम टेस्टिंगचं. म्हणजे फोमला छळायचं. तो दाबायचा, ताणायचा, त्यावर लोखंडी गोळी टाकून ती किती उसळते ते बघायचं, पातळ काप काढून भिंगाखाली धरायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हिला स्पंज दाबायचा पगार मिळतो." खोटं नव्हतं ते.

फोम कसा होतो हे बाहेरच्याला सांगायचं तर मी घावनापासून सुरुवात करते. माझं माहेर राजापूरचं, दुसरं काय सुचणार! तापलेल्या तव्यावर पीठ पसरलं की त्यातून वाफ उसळते आणि घावनाला जाळी पडते. आमच्याकडे तवा नाही, मोठी लाकडी पेटी. तीत रसायनं ढवळून ओतायची. ती आपसात अशी काही भांडतात की त्यातून गॅस सुटतो, मिश्रण फुगत फुगत पेटीच्या तोंडाशी येतं आणि बघता बघता घट्ट होतं. मग त्याचा ठोकळा निघतो, एखाद्या कपाटाएवढा. तो कापून बघितला की आत सगळी जाळी. अनारशाला जाळी पडली नाही तर सुगरणीचं तोंड जसं उतरतं, तसं आमचंही उतरायचं.

ही जाळी म्हणजे बारीक बारीक खोल्या. प्रत्येक खोलीला काड्यांची चौकट, आणि चौकटीत पातळ पापुद्रे. फुगताना हे पापुद्रे फुटले तर या खोलीतली हवा त्या खोलीत जाऊ शकते. असा फोम दाबला की हवा बाहेर जाते, सोडला की परत येते. आपल्या गाद्या, सोफे, भांडी घासायचा स्पंज, सगळे या जातीचे. पापुद्रे शाबूत राहिले तर प्रत्येक खोलीचं दार बंद. हवा आतच कोंडलेली. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात तो फोम असा असतो, पाणी आत शिरत नाही म्हणून तरंगतो. कुठला कुठल्या जातीचा हे ओळखायची आमची गावठी पद्धत म्हणजे तुकडा तोंडाला लावून फुंकायचं. पलीकडे तळहाताला वारा लागला तर उघडी जाळी. ही सवय इतकी अंगात भिनली की एकदा नणंदेच्या नव्या सोफ्याची चेन उघडून मी फुंकर मारून बघितली होती. त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

मालमसाला तोच, पण जाळी बदलली की फोमचा स्वभाव बदलतो. हे लोकांना पटत नाही. मीरा रोडचे एक सोफेवाले होते, यादवजी. एकदा तणतणत आले. "मॅडम, एक सीट मख्खन, एक सीट पत्थर! लडकेवाले बैठे थे, लडके का बाप टेढ़ा हो गया!" लग्नाच्या बोलणीला आलेला मुलाचा बाप एका बाजूला कलला आणि बोलणी फिसकटली, असं त्यांच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं. बोलणी आणखी कशाने फिसकटली असतील तर देव जाणे, खापर आमच्या फोमवर. दोन्ही तुकडे एकाच ठोकळ्यातले. भिंगाखाली धरले तेव्हा कळलं. फोम वर वर फुगतो, म्हणून त्याच्या खोल्या उभट होतात, अंड्यासारख्या. उभ्या खोल्यांवर भार दिला तर त्या ताठ उभ्या राहून तो पेलतात. तोच तुकडा आडवा ठेवला की लवकर मान टाकतात. कापणाऱ्याने उरलेला भाग वाया जाऊ नये म्हणून काही सीटा ठोकळा आडवा पाडून काढल्या होत्या. मी यादवजींना समजावलं, त्यांनी माल बदलून घेतला आणि जाताना विचारलं, "तो शादी हो जायेगी?" मी काय सांगणार, कप्पाळ!

अशा कटकटींत वर्षं गेली. तक्रार नाही माझी. एकच गोष्ट खुपते. संध्याकाळी राई गावाच्या बाजूला फिरायला गेलं की खाडीच्या काठी टाकून दिलेल्या गाद्या दिसतात. फाटलेल्या, चिखलात लोळणाऱ्या. त्यातला फोम कुजत नाही, त्याचा नुसता भुगा होतो आणि तो वाऱ्यावर उडतो. त्यातल्या काही मीच "पास" म्हणून सोडलेल्या असणार. यजमान म्हणतात, अगं तू नाही केलंस तर दुसऱ्याने केलं असतं. त्याने मला बरं वाटत नाही.

पण एक सीट अशी आहे की तिची आठवण आली की सगळं भरून पावल्यासारखं वाटतं. रिटायर होण्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट.

आमच्या सोसायटीच्या गेटवर मासळी विकायला फिलोमिना यायची. समुद्रकाठच्या चौक गावची. जिभेने तिखट आणि मापाला चोख. एकदा मी बोंबील निवडताना माझ्या हाताला चिकटलेला फोमचा भुगा बघून तिने विचारलं, मी कुठे कामाला जाते. मी सांगितलं आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तिने सुरी खाली ठेवली.

"मॅडम, तुमच्याकडं सगल्यात मऊ काय हाय, ते मला पायजे. पोरीसाठी."

मग तिने पोरीचं सांगितलं. जेनिता, एकुलती एक. जन्मापासून हाडं ठिसूळ. काचेची हाडं म्हणतात ना, ती. साध्या धक्क्याने मोडायची. नाव शाळेच्या पटावर, पण शिकणं घरीच, गावातली एक टीचर येऊन शिकवायची. पोरगी हुशार, दहावीला बसलेली. आणि परीक्षेचं केंद्र आलं होतं भाईंदर पश्चिमेला. चौकहून तिथवरचा रस्ता तुम्ही गेला असाल तर मी वर्णन करायची गरज नाही. नसाल गेला तर एवढंच सांगते, खड्डे आणि स्पीडब्रेकर यांची तिथे पैज लागलेली आहे.

"मागल्या येलेला हॉस्पिटलात नेताना चार उशा घातल्या खाली," फिलोमिना म्हणाली. "तरी मांडीचं हाड मोडलं. ब्रेकरवर. तवापासून तिचा पप्पा बोलतो, न्हाय पाठवायची. वर्ष गेलं तर गेलं." तिचे डोळे भरले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला तिने उगाच खेकसून भाव सांगितला.

रविवारी मी चौकला गेले. खिडकीशी पलंग, पलंगावर पुस्तकं, आणि पुस्तकांच्या मधे एवढीशी जेनिता. पंधरा वर्षांची असून दहा वर्षांच्या पोरीएवढी. डोळे मात्र आईचे.

"आंटी, तुम्ही गाद्या विकता?"

"नाही गं, मी दाबते."

"त्याचे पैसे मिळतात?" म्हणाली. पोरीचं आणि माझ्या सासूबाईंचं छान जमलं असतं.

तिचा बाप आग्नेल दारात जाळं विणत बसला होता. आधी बोटीवर जायचा, आता छोट्या टेम्पोतून मासळी बाजारात पोचवायचा. बोलायला कमी. मी डॉक्टरांचं काय म्हणणं आहे ते विचारलं. धक्के टाळता येत असतील तर जाऊ दे, असं डॉक्टर म्हणाले होते. आग्नेल मान न उचलता म्हणाला, "टालायचे कसे? रस्ता काय माजा हाय?"

"पप्पा," जेनिता म्हणाली, "मी काय बर्फातली सुरमई आहे? ठेवून ठेवणार मला?"

आग्नेलचा हात थांबला. त्या घरात काय पणाला लागलंय ते मला तेव्हा नीट कळलं. ती पोरगी जन्मात जेव्हा जेव्हा घराबाहेर पडली होती, ती हॉस्पिटलात जायला. परीक्षेला जायचं म्हणजे पहिल्यांदाच दुसरीकडे कुठे तरी जायचं. आणि बापाच्या डोळ्यांसमोर ते मोडलेलं हाड.

मी तिला विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं, आठवतं का?

"आधी मस्त वाटत होतं. खाली खाली जात होते. मग एकदम खाली लाकूड लागलं."

मी म्हटलं, पोरी, तुला आमच्या कारखान्यात नोकरी! याच्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. फोम दाबत गेलं की तो तीन प्रकारे वागतो. सुरुवातीला थोडा ताठरपणा दाखवतो. मग त्याच्या काड्या वाकायला लागतात, एकेक ओळ हार मानत जाते, आणि बराच वेळ जवळजवळ तेवढ्याच जोराने तो दबत राहतो. धक्का खाऊन टाकण्याचं काम तो इथेच करतो. शेवटी सगळ्या खोल्या चपट्या होतात, काडीवर काडी येते, आणि मग तो फोम राहत नाही, नुसतं प्लास्टिक. आमचे कामगार म्हणायचे, "मॅडम, बैठ गया." अति मऊ वस्तू लगेच बसते. उशा पहिल्या खड्ड्यालाच बसल्या होत्या, आणि ब्रेकरचा सगळा धक्का थेट मांडीला गेला.

"म्हंजे कडक पायजे?" फिलोमिना माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी पोरीला पाट्यावर बसवायला निघाले होते. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकसुद्धा फुंकून पिणारच. मी तिला म्हटलं, कडकही नको. तिच्या वजनाला बरोब्बर दबेल आणि तळाला जाणार नाही, असा हवा. मी बसते त्या फोमवर ही बसली तर तिला तो फळीसारखा लागेल, कारण माझ्या वजनाने त्याच्या काड्या वाकतात, हिच्या वजनाने वाकणारच नाहीत.

सोमवारी किरीटभाईंना सांगितलं, एक सीट करतेय. "किसका ऑर्डर है, बेन?"

"माझ्या मासेवालीची."

"तो फिर पापलेट आयेगा?"

"तुम्ही तर शाकाहारी!"

"अरे, मैं तो तुम्हारे लिए पूछ रहा हूँ," म्हणाले आणि स्टोअरची किल्ली माझ्यापुढे सरकवली. कधी कधी फार चांगला वागायचा माणूस.

सीट तीन थरांची झाली. तळाला बंद जाळीचा, चिवट. मधे आमच्याकडे "सुस्त" म्हणायचो तो, हाताचा ठसा धरून ठेवणारा, सावकाश वर येणारा. धक्का बसला की स्प्रिंगसारखं परत फेकत नाही, म्हणून तो. वर उघड्या जाळीचा मऊ. दोन्ही बाजूंना आणि पाठीला भिंती, म्हणजे वळणावर पोरगी कडेला आपटायची नाही. आग्नेलने टेम्पोच्या पुढच्या सीटचं माप आणून दिलं. पाठवायची नाही हे त्याचं पालुपद चालूच होतं, पण माप कसं घ्यावं ते त्याच्याकडून शिकावं.

पहिल्या खेपेला मधला थर कमी पडला, दुसऱ्या खेपेला वरचा जास्त झाला. आम्ही जेनिताच्या वजनाचं वाळूचं पोतं सीटवर बसवायचो, त्याच्यावर पाण्याने भरलेला तांब्या बांधायचो, आणि आग्नेल त्याच रस्त्याने टेम्पो हाकायचा. आल्यावर बघायचं, पाणी किती सांडलं. पहिल्यांदा तांब्या रिकामा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग आग्नेलनेच एक गोष्ट काढली. "रिकामा टेम्पो उड्या मारतो, मॅडम. भरलेला न्हाय मारत." बरोबरच होतं, माल वाहणाऱ्या टेम्पोच्या खालच्या स्प्रिंगच्या पाट्या भारासाठीच केलेल्या असतात. त्याने मागे ओल्या वाळूची पोती भरली, मी थर बदलले, आणि त्या खेपेला तांब्यातलं पाणी जवळजवळ काठोकाठ परत आलं होतं. आग्नेलने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "जाऊ दे तिला." फिलोमिना रडली, जेनिताने इतिहासाचं पुस्तक तोंडावर धरलं.

सीट त्यांच्या ताब्यात देताना मी बजावलं, ओली होऊ देऊ नका. टेम्पोत सदानकदा बर्फाचं पाणी, वरून समुद्राची खारी हवा. उघड्या जाळीने पाणी पिऊन घेतलं तर सगळी मेहनत पाण्यात. आग्नेलने मान डोलावली.

पहिल्या पेपरच्या सकाळी मी चौकला पोचले. नसते गेले तरी चाललं असतं, पण घरी जीव रमेना. जेनिता युनिफॉर्म घालून तयार. फिलोमिनाच्या हातात जपमाळ. आणि टेम्पोच्या सीटवर नवंकोरं निळं कव्हर, चकचकीत.

"कसं झालं?" आग्नेल पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होता. "बोटीवरची ताडपत्री. शिवण मारली, वरून चिकटवली. थेंब जायचा न्हाय आत."

काम इतकं सुबक होतं की मी कौतुकाने सीटवर हात ठेवला. दाबला. आणि सीटने माझा हात परत ढकलला.

अगं बाई! मी दोन्ही हातांनी दाबलं. दबेचना. अंग टाकून बसले, तर सीटने मला चक्क उडवलं. पापलेट ताजं आहे का ते बघायला आपण दाबतो तशी मी त्या सीटला चारी बाजूंनी दाबत होते, आणि ती प्रत्येक बाजूने फुग्यासारखी उसळत होती.

"आग्नेल, थेंब जात नाही, पण हवासुद्धा जात नाही!"

त्याला कळेना. बोटीवर काम केलेल्या माणसाला शिवणीतून काही न जाणं म्हणजे शिवण चांगली. बोटीचा, जेवणाच्या डब्याचा, बर्फाच्या पेटीचा जीव त्याच्यावर. त्याने तेच केलं होतं, आणि पोरीसाठी म्हणून दुप्पट केलं होतं. मी घाईघाईत समजावलं. फोम दबतो म्हणजे काड्या वाकतात आणि खोल्यांतली हवा बाहेर पडते. बाहेर पडायला वाट नसेल तर ती कुठे जाणार? आत कोंडून राहते आणि पोरीला वर फेकते. तीन थर, तांब्याच्या खेपा, सगळं या कव्हराने गुंडाळून टाकलं होतं.

"तरी मी बोलत होतो," आग्नेल पांढरा पडला. "न्हाय जायचं. फिलो, उतरव तिला."

"पप्पा, मी अजून चढलेच नाहीये!" जेनिता दारातून ओरडली.

फिलोमिना कधी नवऱ्यावर, कधी माझ्यावर, कधी देवावर चिडत होती. मी म्हटलं, भांडायचं ते मग भांडा, आधी कव्हर फाडा. आग्नेल आपल्या हाताच्या शिवणीकडे बघत राहिला. रात्रंदिवस बसून केलेलं काम स्वतःच्या हाताने कापायचं म्हणजे सोपं नाही, मला कळत होतं. मग त्याने मासे कापायची सुरी घेतली आणि दोन्ही कडांना उभ्या चिरा पाडल्या, पाठीला पाडल्या. आतून सुस्कारा टाकावा तशी हवा आली. आणि हा माणूस तेवढ्यावर थांबला नाही. चिरांतून फोम बाहेर येऊ नये म्हणून घरातून जुन्या जाळ्याचा तुकडा आणला आणि भराभर टाके घालून कडांना बसवला. वरून पाणी लागणार नाही, बाजूने हवा खेळेल. मी परत अंग टाकून बसले. सीट दबली, थांबली, सावकाश वर आली.

"आता?" फिलोमिनाने विचारलं.

"आता बसव तिला," मी म्हटलं.

पुढे आग्नेल आणि जेनिता. मागे वाळूच्या पोत्यांवर फिलोमिना आणि मी. या वयात टेम्पोच्या हौद्यात बसून जायची ही माझी पहिलीच वेळ, आणि फिलोमिना माझा दंड असा धरून बसली होती की त्यावर पुढे आठवडाभर निळे डाग होते. आग्नेल टेम्पो चालवत नव्हता, पाळणा ढकलत होता. मागून रिक्षावाले शिव्या घालत होते. मोरवा गावाच्या आधी तो एक मेला ब्रेकर आहे, पट्टे पुसून गेलेला. तिथे टेम्पोची पुढची चाकं चढली, उतरली, आणि मागे आम्ही दोघी चांगल्या हातभर उडालो. फिलोमिनाची जपमाळ तुटली.

"जेनिता!" ती किंचाळली.

पुढून उत्तर आलं, "मम्मी, ओरडू नको, वाक्प्रचार विसरेन!"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. फिलोमिना हौद्यात वाकून मणी गोळा करत होती, हसत होती, रडत होती.

केंद्रावर शाळेने खुर्ची तयार ठेवली होती. आग्नेलने तिला फळीसारखी दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. पेपर संपेपर्यंत आम्ही तिघं बाहेर झाडाखाली बसून राहिलो. मधेच एकदा उठून जाऊन आग्नेलने जाळ्याचे टाके ओढून बघितले आणि परत येऊन बसला.

पेपर सोपा गेला म्हणाली. मला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. मी आपली पुन्हा पुन्हा विचारत होते, कुठे दुखतंय का, कुठे दुखतंय का. "आंटी, बोटं दुखतायत, लिहून लिहून," म्हणाली.

परतीला आम्ही पुन्हा हौद्यात. ऊन चढलं होतं. तोच रस्ता, तेच खड्डे, मोरव्याचा तो ब्रेकर. या वेळी पुढून आवाज नाही. फिलोमिनाने दोनदा हाका मारल्या, टेम्पोच्या आवाजात पोचल्या नसाव्यात. घराशी टेम्पो थांबला, ती पोत्यांवरून उडी मारून धावली, दार उघडलं. जेनिताची मान सीटच्या भिंतीवर कलंडलेली, डोळे मिटलेले, हात सैल.

"आग्नेल, पोर बग! पोरीला काय झालं बग!"

आग्नेल मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तेवढ्यात जेनिता हलकीशी घोरली. बाई गं, झोपली होती पोरगी! रस्त्यावर, टेम्पोत, भर खड्ड्यांतून गाढ झोपली होती. हॉस्पिटलच्या प्रत्येक खेपेला दोन्ही मुठी आवळून, दात खाऊन बसणारी पोर.

आईच्या हाताने तिला जाग आली. तिने आजूबाजूला बघितलं, घर बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"पोचलो पण?" ती म्हणाली. "पप्पा, एक चक्कर मार ना अजून. समुद्राकडं."

फिलोमिनाने तोंड उघडलं. नाही म्हणायला उघडलं होतं, मी शपथेवर सांगते. मग ती माझ्याशेजारी पोत्यावर येऊन बसली, आणि आग्नेलने टेम्पो वळवला.